सुईदोऱ्याची शाळा

आपल्या भागात एखादे मूल शाळेत जात नाही असे कळले की लोक दोनच कारणे धरतात. एक तर घरी गरिबी असेल, नाही तर आईवडिलांना फिकीर नसेल. शिकलेल्या, खाऊनपिऊन सुखी घरातली मुले आईवडिलांनी ठरवून घरी ठेवली आहेत आणि ती घरीच शिकतात, असे सांगितले तर समोरचा माणूस क्षणभर गप्प होतो आणि मग हळूच विचारतो, "मुलांची काही अडचण आहे का?"

अशाच एका घराविषयी आज लिहायचे आहे. हे घर खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात आहे आणि माझ्या धाकट्या मावसबहिणीचे आहे. मी स्वतः बेळगावच्या एका महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. माझी चूल शाळा-कॉलेजच्या घंटेवर पेटते, तेव्हा या घराकडे मी कौतुकाने पाहते तशीच थोड्या संशयानेही पाहत आले आहे. वर्षातून दोन-तीनदा चार-आठ दिवस तिथे राहणे होते. तिथे जे पाहिले, ऐकले ते सांगते. मुलांची नावे मुद्दामच देत नाही.

तेरा माणसे, दोन मशिनी

घर एकत्र कुटुंबाचे. सासरे म्हणजे आप्पा, निवृत्त मराठी शाळामास्तर. सासूबाई, त्यांना सगळे आजीच म्हणतात. बहीण आणि तिचे यजमान, दीर आणि जाऊ, आणि सात मुले. दिराची दोन मुले रोज बसने खानापूरला शाळेत जातात. बहिणीची पाच. थोरली मुलगी सोळा वर्षांची, मुलगा चौदाचा, अकरा वर्षांच्या जुळ्या मुली आणि सहा वर्षांचे शेंडेफळ. भातशेती, काजूची बाग, दोन म्हशी. बहीण बी.एस्सी. झालेली, लग्नाआधी दोन वर्षे तिने एका खासगी शाळेत शिकवलेही होते.

मुलांना घरी शिकवायचा असा काही संकल्प तिने सोडला नव्हता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मोबाईलला रेंज यायची ती फक्त गावाबाहेरच्या टेकाडावर. मग बहिणीने पुस्तके पुढे घेऊन स्वतःच शिकवायला सुरुवात केली. २०२१ च्या अखेरीस वर्ग पुन्हा भरू लागले, तोवर मुलांना घरच्या अभ्यासाची गोडी लागली होती. "आणखी एक वर्ष बघू," असे करता करता वर्षे सरली.

शिवणकामही असेच घरात शिरले. टाळेबंदीत शिंपी बंद, दुकाने बंद. आजींचे जुने पायमशीन माळ्यावर गंजत पडले होते. ते खाली काढून तेलपाणी केले, नवा पट्टा घातला आणि पहिल्या आठवड्यात घरातल्या तेरा माणसांसाठी कापडी मास्क शिवले. मास्क गेले, मशीन राहिले. पुढे एक विजेवरचे जुने मशीनही आले. पण खानापूरच्या पश्चिमेचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे, तिथे पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही. त्यामुळे घरातला खरा मान अजून पायमशीनचाच.

दिवस कसा जातो

घरी शिकणे म्हणजे केव्हाही उठा, काहीही करा, असा पुष्कळांचा समज आहे. या घरात तसे चालले असते तर आठ दिवसांत सगळा कारभार बसला असता. सकाळी साडेपाचला थोरली आणि मुलगा गोठ्यात. आठला न्याहारी. साडेआठ ते साडेअकरा गणित, विज्ञान, इंग्रजी, शिकवणारी आई. त्यानंतर पाळीप्रमाणे दोघे स्वयंपाकात, दोघे विहिरीवर. दुपारी दोन ते चार शिवण. संध्याकाळी दिवेलागणीनंतर आप्पा. वर्तमानपत्राचे मोठ्याने वाचन, शुद्धलेखन आणि पाढे. कन्नड शिकवायला शेजारच्या गल्लीतल्या निवृत्त अक्कोरू आठवड्यातून तीनदा येतात. त्या फी घेत नाहीत, त्यांची पोलकी आणि नातीचे फ्रॉक या घरी शिवून जातात. सीमाभागात असा व्यवहार दोन्ही बाजूंना परवडतो.

भांडणे? भरपूर. पायमशीन कुणाचे किती वेळ, याचा तक्ता भिंतीवर लावला आहे. बॉबिन नेहमी दुसऱ्यानेच हरवलेली असते. कात्रीने कागद कापला म्हणून एकदा जुळ्यांमध्ये दिवसभर अबोला होता. कापडाची कात्री कागदाला लावली की तिची धार जाते, हे त्या घरात सहा वर्षांचे पोरही ऐकवते.

एक नियम मात्र कुणी मोडत नाही. संध्याकाळी टोचणीतल्या सुया मोजायच्या. बारा म्हणजे बारा भरल्या पाहिजेत. एक जरी कमी असली तरी ती सापडेपर्यंत ताटे वाढायची नाहीत, कारण घरात लहान मूल अनवाणी फिरते. एका रात्री मीही उजेड धरून त्यांच्याबरोबर जमिनीवर हात फिरवत होते. सुई निघाली आप्पांच्या धोतराच्या सोग्यात!

गोधडीतले गणित

मला सगळ्यात लोभावले ते गोधडीचे प्रकरण. जुळ्यांनी पाच फूट बाय सात फुटांची चौकड्यांची गोधडी करायची ठरवली. सहा इंचांचे चौकोन. आडवे दहा, उभे चौदा, एकूण एकशेचाळीस तुकडे. हिशेब चोख होता. जुनी लुगडी, आप्पांचे सदरे, खणाच्या चिंध्या यांतून त्यांनी बरोबर सहा इंचांचे एकशेचाळीस तुकडे कापले आणि जोडायला घेतले. जोडून झाल्यावर बघतात तर काय, गोधडी रुंदीला पाच इंच आणि लांबीला सात इंच आखूड!

आई काही बोलली नाही. "कुठे गेले कापड, शोधा," एवढेच म्हणाली. दोघी अर्धा दिवस मोजत बसल्या. शेवटी उलट्या बाजूने पाहिल्यावर उलगडा झाला. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही कडा पाव-पाव इंच शिवणीत आत जात होत्या. सहा इंचांचा तुकडा प्रत्यक्षात साडेपाच इंचच दिसत होता. म्हणजे कापायला हवा होता साडेसहाचा. तेवढ्यात आप्पा ओसरीवरून म्हणाले, "साडेपाच चौदे सत्त्याहत्तर. चौऱ्याऐंशीला सात कमीच की!"

आप्पांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी पाठ केली होती. दशमान पद्धत आली आणि ते पाढे मागे पडले. शिंप्याची टेप मात्र अजून इंचांत आणि पाव-अर्ध्यात बोलते. म्हणून या घरात निमकीला पुन्हा किंमत आली. मुले एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर हेही शिकतात, कारण पाठ्यपुस्तक सेंटिमीटरात आहे. गोधडीच्या चारी कडांना पट्टी किती लागेल? पाच अधिक सात बारा, त्याची दुप्पट चोवीस फूट, म्हणजे आठ वार. परिमिती हा शब्द जुळ्यांना यानंतर कुणी समजावून सांगावा लागला नाही. गळ्याला गोल पट्टी लावायची तर कापड उरेब कापावे लागते, म्हणजे काठाशी पंचेचाळीस अंशांत. तसे कापलेले कापड ताणले जाते आणि वळणावर नीट बसते, सरळ कापलेले बसत नाही. कोन म्हणजे काय, हे त्यांना हाताने कळले.

मी अर्थशास्त्राच्या वर्गात टक्केवारी काढायला सांगते तेव्हा निम्मी मुले मोबाईल चाचपतात. त्यांना डोके नाही असे नव्हे. आकडा चुकल्याने त्यांच्या हातातले काही आखूड झालेले नसते, इतकेच.

त्या जुळ्यांनी पुढे काय केले? सगळी शिवण उसवली नाही. कडेने नव्या तुकड्यांची एक चौकट जोडून माप पुरे केले. पण त्यासाठी चार ओळी उसवाव्या लागल्याच. उसवणे हा या घरातला रोजचा धडा आहे. परीक्षेतल्या चुकलेल्या उत्तराला शून्य मिळते आणि आपण पुढच्या प्रश्नाकडे जातो. चुकलेली टीप मात्र तशीच ठेवून पुढे जाता येत नाही. ती धीराने, कापड न फाडता काढावी लागते आणि पुन्हा घालावी लागते.

आजींचे मतपरिवर्तन

या सगळ्याला आजींचा कडवा विरोध होता. "पोरं शिकूलाल्यात की चिंध्या गोळा करूलाल्यात?" असे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत. त्यांचे माहेर धारवाडकडचे. त्यांना कशिदा येतो. आपण ज्याला कर्नाटकी कशिदा म्हणतो आणि कन्नडमध्ये ज्याला कसूती म्हणतात तो. कापडावर आधी चित्र काढायचे नाही, उभे-आडवे धागे मोजत टाका घालायचा. गवंती, मुरगी, नेयगी आणि मेंथी असे त्याचे चार टाके. गवंती आणि मुरगी उलटसुलट दोन्ही बाजूंनी सारखे दिसले पाहिजेत, गाठ कुठे दिसता कामा नये. इरकली लुगड्यावरची गोपुरे, तुळशीवृंदावने, हत्ती, पालख्या याच टाक्यांच्या.

थोरलीने एक दिवस आजीचे जुने लुगडे पुढे ठेवून विचारले, "हे मागून पण असंच कसं दिसतं?" बस्स, त्या दिवसापासून आजी मास्तरीण झाल्या. ऐंशीच्या घरातल्या बाईला आता दुपारची झोप नाही. विरोध अजून आहे, पण तो मुख्यतः टाका सैल पडला की प्रकट होतो.

हळियाळच्या बाजाराला गेल्यावर बहिणीला सिद्दी बायकांच्या गोधड्या पाहायला मिळाल्या. सिद्दी समाज उत्तर कन्नडमधल्या हळियाळ, यल्लापूर, मुंडगोड भागात आणि आपल्या खानापूरच्या रानातही राहतो. त्यांचे पूर्वज काही शतकांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आले. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. आपण तुकडे आधी जोडतो आणि मग अस्तरावर घालतो. त्या बायका कडेपासून सुरुवात करून धावदोऱ्याने तुकडे लावत लावत मध्याकडे येतात आणि चार कोपऱ्यांना कापडाची घडी घालून फुले बसवतात. मुलांनी तीही पद्धत करून पाहिली. भूगोलाचा नकाशा त्या दिवशी आपोआप उघडला गेला.

घरी शिकणे आणि घरात अडकणे

हे वाचून कुणी म्हणेल, मुलींना घरी बसवून शिवणटिपण शिकवायचे, म्हणजे शंभर वर्षे मागेच जाणे की! ही शंका माझ्याही मनात होती आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा सुरू केली तेव्हा मुलीने घराबाहेर पडून शिकणे हेच धाडस होते. रमाबाई रानडे घरीच शिकल्या, न्यायमूर्तींनी त्यांना शिकवले. पण त्याच घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा त्या शिकण्याला विरोध होता आणि तो सोसत त्यांना अक्षरे गिरवावी लागली. पुढे १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे राहिले, त्यात शिवणाच्या वर्गालाही जागा होती. त्या पिढीला शाळा म्हणजे घराच्या उंबऱ्यापलीकडचे जग होते. तो उंबरा ओलांडायला बायकांना फार किंमत मोजावी लागली आहे.

या घरात दोन गोष्टींनी माझी शंका थोडी निवळली. एक, शिवण मुलामुलींना सारखेच आहे. चौदा वर्षांचा मुलगा सदऱ्याची बाही मुंढ्याला अशी बसवतो की एक चुणी पडत नाही. मशीन बिघडले तर शटल खोलून साफ करणाराही तोच. दुसरी गोष्ट थोरलीची. ती म्हणाली, "मावशी, मला अकरावीला बेळगावला यायचंय. वर्गात बसायचंय." बहिणीचा चेहरा क्षणभर उतरला, पण ती म्हणाली, "जा की. त्यासाठीच तर शिकवलं."

थोरलीची दहावी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून चालू आहे. ही केंद्र सरकारची संस्था १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून सुरू झाली. दहावीसाठी वयाची चौदा वर्षे पूर्ण असावी लागतात. निदान एका भाषेसह पाच विषय घ्यायचे, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होतात, एकदा नाव नोंदवले की पाच वर्षांत जमेल तसे एकेक-दोनदोन विषय सोडवता येतात. माध्यमांत मराठीही आहे. थोरलीचे तीन विषय सुटले आहेत, दोन बाकी. एका रात्री कंदिलापाशी काज करता करता तिने मला विचारले, "मावशी, साठ जणांच्या वर्गात आपल्याला समजलं नाही तर कुणाला सांगायचं?" बावीस वर्षे शिकवणाऱ्या मला या साध्या प्रश्नाचे झटकन उत्तर देता आले नाही.

पटावरची पाच नावे

सगळ्यात अवघड गाठ आप्पांची होती. आयुष्यभर त्यांनी सीमाभागातल्या मराठी शाळा टिकाव्यात म्हणून दारोदार जाऊन मुले गोळा केली. गावातल्या शाळेचा पट दरवर्षी उतरतो आहे. पट उतरला की शिक्षक कमी होतात, शिक्षक कमी झाले की पालक मुले काढून इंग्रजी शाळेत घालतात, आणि पट आणखी उतरतो. अशा गावात मास्तरांच्याच घरातली पाच नावे पटावर नाहीत! आप्पा मला म्हणाले, "सून शिकवते चांगलं, मी नाही म्हणत नाही. पण हिच्या घरात जे उगवतं ते शेजाऱ्याच्या पोराला मिळत नाही. शाळा सगळ्यांची असते."

बहिणीचे म्हणणे वेगळे. "दोन शिक्षकांवर पाच वर्ग आणि त्यात कागदपत्रांचा ढीग. माझ्या मुलांना कोण बघणार होतं?" दोघांचेही खरे. कायदाही या वादात फारसे स्पष्ट बोलत नाही. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला, १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत दाखल करणे हे त्यात पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण तसे न करणाऱ्या पालकाला शिक्षा सांगितलेली नाही. घरच्या शिक्षणाचा उल्लेखही नाही. मात्र सहा वर्षांवरचे, शाळेबाहेर राहिलेले मूल केव्हाही आले तरी त्याला वयाला साजेशा वर्गात घ्यावे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे परतीची वाट मोकळी आहे.

यंदाच्या जूनमध्ये त्या वाटेने पहिले पाऊल पडले. शेंडेफळाला गावच्या मराठी शाळेत पहिलीत घातले. ठराव कुणी मांडला, कुणी मान्य केला, हे मला कुणी सांगितले नाही. भावंडांनी त्याला जुनी जीन्स आणि खणाचा तुकडा जोडून दप्तर शिवून दिले. पहिल्या दिवशी त्याला सोडायला आप्पा गेले. त्या दिवशी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता म्हणे.

हिशेबात न येणारे काम

शेवटी माझ्या विषयातले थोडे. लोक विचारतात, घरी शिकवले की फी वाचते ना? वाचते. पण मी एक दिवस बहिणीच्या मागे घड्याळ घेऊन बसले. पहाटे साडेपाच ते रात्री दहा. त्यात निवांत बसून जेवण एकदाच. २०१९ मध्ये सरकारने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बाईची त्या बिनपगारी कामात रोज सरासरी २९९ मिनिटे जातात, तर पुरुषाची ९७, असे त्यात आढळले. राष्ट्रीय उत्पन्न मोजताना हे काम धरले जात नाही. घरी शिकवायचे म्हणजे त्या २९९ मिनिटांवर शाळेचा आणखी एक दिवस चढवायचा. बहिणीला हे पेलले, कारण घरात जाऊ होती, आजी होती, आप्पा होते आणि यजमानांनी दुपारचा स्वयंपाक शिकून घेतला. एकट्या, नोकरी करणाऱ्या बाईने या घराचा कित्ता गिरवायचा म्हटले तर तिचाच जीव जाईल. आणि सगळ्यांना परवडत नाही ती पद्धत शाळेची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा हे वाचून कुणी मुलांचे नाव शाळेतून काढायला निघू नये. उलट जवळची शाळा, विशेषतः मराठी शाळा, भरलेली राहील असे पाहावे. पण शाळेचे तास संपल्यावर घर रिकामेच असते. त्या वेळात या घराकडून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आजीकडे टाका शिल्लक असेल तर तो ती आहे तोवर शिकून घ्यावा. मुलग्याच्या हाती सुई द्यावी. तुटलेले बटण त्यानेच लावावे. सहा इंचांचे चौकोन कापून एक छोटी वाकळ मुलांकडून करून घ्यावी, आणि ती आखूड झाली तर लगेच कारण सांगून टाकू नये. कापड कुठे गेले ते त्यांचे त्यांना शोधू द्यावे.